बरे वाटले तरी गोळी सोडू नका

माझा एक जुना विद्यार्थी आहे. वय चाळीस. घरची शेती करतो. त्याला दिवसातून ८-१० वेळा परसाकडे जावे लागे. रक्त आणि आव पडे. कोणी म्हणाले मूळव्याध, कोणी म्हणाले आमांश. शेवटी तो मोठ्या दवाखान्यात गेला. डॉक्टरांनी दुर्बिणीतून आतडे तपासले. रोगाचे नाव निघाले अल्सरेटिव्ह कोलायटिस.

नाव अवघड, पण अर्थ सोपा. मोठ्या आतड्याला आतून सूज येते. तिथे जखमा होतात. त्यांतून रक्त जाते. हा रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही. तो पुन्हा पुन्हा उसळतो. पण औषधाने ताब्यात राहू शकतो.

डॉक्टरांनी मेसालामीनच्या गोळ्या दिल्या. दोन महिन्यांत रक्त थांबले. गडी खूश! "आता बरा आहे, मग पैसे कशाला घालवू?" म्हणून त्याने गोळ्या सोडल्या. सुगीच्या ऐन दिवसांत रोग पुन्हा उसळला. पीक उभे आणि हा खाटेवर.

मी भेटायला गेलो. तो म्हणाला, "गुरुजी, मला वाटलं रोग गेला."

मी म्हणालो, "अरे, बांध माती धरून ठेवतो. माती वाहत नाही म्हणून तू बांध फोडतोस का? गोळी म्हणजे तुझा बांध."

मंडळी, या रोगाच्या औषधांबद्दल एवढे ध्यानात ठेवा.

१. मेसालामीनची गोळी अख्खी गिळा. तिच्यावर लेप असतो. म्हणून ती पुढे आतड्यात जाऊन विरघळते. चावली किंवा कुटली, तर औषध जागेवर पोचत नाही.

२. रोग जोरात असला, तर डॉक्टर काही दिवस प्रेडनिसोलोन देतात. ही गोळी खाऊन झाल्यावर घ्या. ती एकदम बंद करू नका. त्याने जिवाला धोका होऊ शकतो. डॉक्टर ती हळूहळू कमी करतात. तुम्हाला मधुमेह असेल, तर आधी सांगा. हिने साखर वाढते.

३. अंग दुखले म्हणून दुकानातून आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक आणू नका. रोग उसळू शकतो. जुलाब बंद करायची गोळीही आपल्या मनाने घेऊ नका.

४. बाई गरोदर राहिली, तरी मनाने औषध सोडू नये. डॉक्टरांना विचारावे.

५. सांगितलेल्या वेळी रक्त तपासून घ्या. औषध मूत्रपिंडाला त्रास देत नाही ना, हे त्यावरून कळते.

६. रक्त वाढले, ताप आला, पोट फुगले, फार दुखले किंवा चक्कर आली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

पैशाची अडचण असेल, तर डॉक्टरांना सांगा. त्यात लाज कसली? जनऔषधी केंद्रात बरीच औषधे स्वस्त मिळतात. तिथे विचारा. पण न सांगता गोळी सोडू नका.

माझ्या विद्यार्थ्याने आता भिंतीवर कॅलेंडर लावले आहे. गोळी घेतली की तो त्या तारखेवर खूण करतो. तुम्हालाही आता वाचता येते. डॉक्टरांची चिठ्ठी दुकानदाराकडून समजून घ्या. पाकिटावरचे औषधाचे नाव आणि तारीख स्वतः वाचा. मगच गोळी तोंडात टाका.