न भरणारी जखम (लेखांक ५) : मलमापेक्षा दाब

न्हावी, हमाल, चौकातला पोलीस, दिवसभर कढईपुढे उभा असलेला वडेवाला. घोट्याच्या आतल्या अंगाला, हाडाच्या जरा वर झालेली ओली जखम अशा उभ्याने काम करणाऱ्यांत बरेचदा दिसते. भोवतीची कातडी काळपट नि कडक, संध्याकाळी पाय सुजलेला. मलमे बदलतात, जखम तशीच राहते.

कारण बिघाड जखमेत नसतोच. मागच्या लेखांकात आपण शिरांमधल्या झडपा पाहिल्या. उभे असताना घोट्यापाशी शिरांतला दाब ८०-९० मिलिमीटर पारा असतो. चालू लागले की पोटरीचे स्नायू रक्त वर ढकलतात आणि निरोगी पायात तो ३० च्या आसपास उतरतो. झडपा निकामी असतील तर वर गेलेले रक्त पुन्हा खाली येते आणि दाब उतरत नाही. पाणी शिरांबाहेर झिरपते, कातडीचे पोषण बिघडते. अशा कातडीवर मलम काय करणार?

म्हणून दाब बाहेरून द्यायचा. हॅम्बुर्गचे त्वचारोगतज्ज्ञ पॉल उना यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जस्ताच्या लेपाची पट्टी पायाला गुंडाळायला सुरुवात केली. ती आजही ‘उना बूट’ म्हणून वापरात आहे. १९८० च्या दशकात लंडनच्या चेरिंग क्रॉस रुग्णालयात चार थरांची पट्टी घडली : आधी कापूस, मग क्रेप, मग लवचिक पट्टी, शेवटी स्वतःलाच चिकटणारी. घोट्याशी सुमारे ४० मिलिमीटर दाब, गुडघ्याखाली त्याच्या निम्मा. ही उतरण साधण्यासाठी वर हात सैल सोडावा लागत नाही. ताण सारखाच ठेवला तरी बारीक घोट्यावर जास्त आणि जाड पोटरीवर कमी दाब पडतो. मात्र पट्टी बोटांच्या मुळापासून सुरू व्हायला हवी, टाच उघडी राहता कामा नये आणि नडगीच्या हाडावर कापूस भरपूर हवा. आपल्याकडे घरोघरी बांधतात ते क्रेप बँडेज दुपारपर्यंत सैल होऊन घोट्याशी गोळा होते. त्याला उपचार म्हणणे धाडसाचे आहे.

एक अट मात्र कडक. पायाला रक्त पुरवणारी धमनीच अरुंद झाली असेल, तर घट्ट पट्टीने पाय गमावण्याची वेळ येऊ शकते. त्यासाठी घोट्याचा रक्तदाब दंडाच्या रक्तदाबाशी ताडून पाहतात. गुणोत्तर ०.८ च्या खाली असेल तर असा घट्ट दाब तज्ज्ञांना विचारल्याशिवाय देऊ नये. तंबाखू-विडीचे जुने व्यसन असलेल्यांनी हे तपासल्याशिवाय पट्टी बांधूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मग मध, अळ्या, अल्ट्रासाउंड? तिन्ही प्रामाणिकपणे तपासून झाले. न्यूझीलंडमधल्या २००८ च्या चाचणीत मधाच्या पट्टीने जखमा लक्षणीयरीत्या लवकर भरल्या नाहीत. ब्रिटनमधल्या २००९ च्या चाचणीत अळ्यांनी मृत मांस झपाट्याने साफ केले, पण जखम भरायला लागायचा तेवढाच वेळ लागला. अल्ट्रासाउंडनेही निराशा केली.

दाबाच्या जोडीला खरे काम करते ते बिघडलेली शीर लवकर बंद करणे. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश चाचणीत ज्यांची शीर लगेच बंद केली, त्यांची जखम भरायला मध्यकाने ५६ दिवस लागले. ज्यांना थांबवले, त्यांना ८२. पट्टी दोन्ही गटांना होतीच.

घरी करण्याजोगे : बसताना पाय छातीपेक्षा उंच, टाचा वर-खाली करण्याचा व्यायाम आणि पट्टी बांधूनच चालणे, कारण पोटरी हलली तरच पट्टीचा उपयोग. जखम भरल्यावर दाबाचे मोजे रोज सकाळी, अंथरुणातून उठण्याआधी चढवायचे. कोकणातल्या घामात ते नकोसे होतात हे खरे. पण सोडले की जखम परत येते.

पुढच्या आठवड्यात मधुमेही माणसाच्या तळपायाची जखम. तिथे दाब हाच शत्रू, आणि उपचार म्हणजे तो काढून घेणे.