युगांडातील कायदा आणि अमेरिकी धर्मोपदेशकाचे उत्तरदायित्व

मार्च २००९ मध्ये कंपाला येथील परिषदेत स्कॉट लाइव्हली या अमेरिकी इव्हँजेलिकल, म्हणजे बायबलचे प्रामाण्य आणि धर्मप्रसार यांवर भर देणाऱ्या प्रोटेस्टंट परंपरेतील, धर्मोपदेशकाने समलैंगिकता हा मुलांवरील व कुटुंबसंस्थेवरील संघटित धोका असल्याचे प्रतिपादन केले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये युगांडाचे खासदार डेव्हिड बहाटी यांनी मांडलेल्या समलैंगिकताविरोधी विधेयकात काही कृत्यांसाठी देहदंड सुचवला होता, जरी देहदंडाला आपला पाठिंबा नसल्याचे लाइव्हली सांगत राहिले. समलैंगिकता पाश्चात्त्यांनी आणली असा प्रचार ज्या देशात झाला, तेथील समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणारे मूळ दंडविधान मात्र भारतातील कलम ३७७ प्रमाणेच ब्रिटिश वसाहतकालीन होते, हा विरोधाभास दुर्लक्षण्याजोगा नाही.

जानेवारी २०११ मध्ये युगांडातील समलैंगिक हक्कांचे कार्यकर्ते डेव्हिड काटो यांची हत्या झाली. काही महिन्यांपूर्वीच एका स्थानिक वृत्तपत्राने फाशीची मागणी करत त्यांचे छायाचित्र छापले होते, परंतु पोलिसांनी हत्येमागे वैयक्तिक कारण असल्याचे म्हटले.

‘सेक्शुअल मायनॉरिटीज युगांडा’ या संघटनेने २०१२ मध्ये लाइव्हलींविरुद्ध अमेरिकेत दावा लावला. त्याचा आधार होता १७८९ चा एक कायदा, ज्यान्वये आंतरराष्ट्रीय कायद्याच्या भंगाबद्दल परकीयांना तेथील संघीय न्यायालयात भरपाई मागता येते. न्यायाधीश मायकेल पॉन्सर यांनी २०१७ मध्ये लाइव्हलींनी छळाच्या मोहिमेस साहाय्य केल्याचे नमूद केले. तथापि परदेशात घडलेल्या कृत्यांवर अधिकारक्षेत्र पोहोचत नसल्याने दावा फेटाळला.