शेतातला ताग आणि पोत्यातला ताग

‘ताग कशासाठी पेरतात?’ असे भिंगारच्या एखाद्या शेतकऱ्याला विचारा. ‘जमिनीत गाडायला!’ असेच उत्तर बहुधा मिळेल. मग दुकानातले धान्याचे पोते ज्या तागाचे असते, तो कोणता?

नाव एक, पण वनस्पती दोन. आपल्याकडचा ताग म्हणजे बोरू. तो हरभरा-तुरीच्या कुळातला. त्याच्या मुळांवरील गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन बांधून ठेवतात. म्हणून फुलोऱ्याच्या सुमारास तो नांगरून जमिनीत गाडतात. पोत्याचा ताग मात्र कापूस, भेंडी आणि अंबाडी यांचा नातलग आहे. त्याचे मुख्य क्षेत्र म्हणजे बंगालचा सखल प्रदेश.

हा ताग भिंगारला का पिकत नाही? त्याला उबदार, दमट हवा आणि साधारण 1500 मिलिमीटर पाऊस लागतो. आपल्याकडे पडतो जेमतेम 500 ते 600. शिवाय कापणीनंतरही पाणी हवेच. दोन-तीन मीटर उंचीच्या काड्यांच्या जुड्या दोन-तीन आठवडे पाण्यात बुडवून ठेवतात. सालीतले तंतू पेक्टिन नावाच्या चिकट द्रव्याने काडीला धरलेले असतात. पाण्यातले जिवाणू ते पेक्टिन खातात आणि तंतू सुटे होतात.

येथेच शेतकऱ्याची कसोटी लागते. तागाचा एकेक लांब तंतू काही मिलिमीटर लांबीच्या असंख्य पेशी चिकटून बनलेला असतो. जुड्या लवकर काढल्या, तर साल सुटत नाही. उशीर झाला, तर तंतूच्या आतले चिकट द्रव्यही नष्ट होऊन तंतू कमजोर होतो. त्यामुळे तीन-चार महिन्यांच्या मेहनतीचे मोल अखेरच्या चार दिवसांवर ठरते.

आता एक प्रयोग करा. हातभर सुतळी घ्या. तिचा पीळ पूर्ण उलगडा आणि दोन्ही टोके धरून ओढा. तंतू एकमेकांवरून घसरून सुतळी सहज सुटते. तेवढ्याच लांबीची पीळदार सुतळी मात्र हाताने तुटता तुटत नाही. असे का? पिळलेली सुतळी ओढली, की तंतू एकमेकांवर दाबले जातात. दाब वाढला, की घर्षण वाढते. म्हणजे जितके जोराने ओढावे, तितकी पकड घट्ट!

1855 साली बंगालमध्ये रिश्रा येथे भारतातली तागाची पहिली यंत्रगिरणी सुरू झाली. 1947 च्या फाळणीत गिरण्या भारतात राहिल्या. तागाची बरीचशी शेते मात्र पूर्व पाकिस्तानात गेली. पुढे प्लॅस्टिकची पोती आली. ती हलकी आणि स्वस्त असतात, पण मातीत कुजत नाहीत. 1987 साली केलेल्या कायद्याने काही माल तागाच्याच पोत्यांत भरणे बंधनकारक करता येते. साखर कारखान्यांच्या आपल्या जिल्ह्याला हा विषय परका नाही.

शेवटी एक काम तुमच्यासाठी. गोणपाटाचा आणि प्लॅस्टिकच्या पोत्याचा एकेक तुकडा ओलसर मातीत पुरा. दर महिन्याला उकरून पाहा आणि दिसेल ते वहीत लिहून ठेवा.