एकाच नावाची दोन कार्डे

संगणकावरील खेळांचा शौक आता केवळ मुलांपुरता उरलेला नाही. या खेळांतील दृश्ये पडद्यावर उभी करण्याचे काम ग्राफिक्स कार्ड करते, आणि खेळांसाठी घेतलेल्या संगणकाच्या किमतीत बहुधा याच भागाचा वाटा सर्वांत मोठा असतो. म्हणूनच दोन सारख्या दिसणाऱ्या कार्डांतून एकाची निवड करणे ही घराच्या खर्चाच्या दृष्टीने क्षुल्लक बाब नव्हे.

एनव्हिडिया कंपनीने २०२३ साली 'आरटीएक्स ४०६० टीआय' या एकाच नावाने दोन कार्डे बाजारात आणली. मे महिन्यात आलेल्या कार्डाची मेमरी ८ जीबी व अमेरिकेतील किंमत ३९९ डॉलर होती. जुलैमध्ये आलेल्याची मेमरी १६ जीबी व किंमत ४९९ डॉलर. दोहोंतील मुख्य चिप एकच. गणन करणारे ४,३५२ कोअर दोहोंत सारखेच, आणि मेमरीतून माहितीची ने-आण करण्याचा वेगही दोहोंत सेकंदाला २८८ जीबी. तेव्हा जादा शंभर डॉलरांनी वेग मिळत नाही. मिळते ती केवळ जागा.

या जागेचे महत्त्व कचेरीतील उदाहरणावरून ध्यानी येईल. दोन कारकून सारखेच चपळ आहेत; मात्र एकाचे टेबल दुसऱ्याच्या निम्मे आहे. लागणारे कागद लहान टेबलावर मावतात तोवर दोघांचे काम बरोबरीने चालते. ते मावेनासे झाले, की पहिल्याला दप्तरखान्यात खेपा घालाव्या लागतात. खेळातील भिंती, झाडे, वस्त्रे यांच्या पृष्ठभागांची चित्रे, म्हणजे टेक्स्चर, हे येथील कागद होत. संगणकाची मुख्य मेमरी हा दप्तरखाना. तेथून येणारी वाट अरुंद आहे. या कार्डांना ती सेकंदाला सुमारे १६ जीबी माहिती पुरविते, आणि जुन्या पिढीच्या मदरबोर्डवर त्याच्याही निम्मी. परिणामी खेळ अडखळतो किंवा चित्रे पुसट दिसतात.

यावरून निवडीचे सूत्र निघते. ज्याचा मॉनिटर १९२० बाय १०८० बिंदूंचा आहे आणि जो मुख्यतः हलक्या चित्रणाचे स्पर्धात्मक खेळ खेळतो, त्याला ८ जीबी पुरतात. एखाद्या खेळात ते कमी पडल्यास टेक्स्चरची प्रत एक पायरी खाली आणता येते. याउलट, नवे भव्य खेळ उच्च प्रतीच्या टेक्स्चरसह खेळावयाचे असतील व कार्ड अनेक वर्षे वापरावयाचे असेल, तर मोठ्या मेमरीवरील खर्च सार्थ ठरतो.

तथापि नामसादृश्यावर विसंबणे इष्ट नाही. २०१६ साली आलेल्या 'जीटीएक्स १०६०' च्या ६ जीबी कार्डात १,२८० कोअर होते, तर त्याच नावाच्या ३ जीबी कार्डात १,१५२ च. तेथे मेमरीबरोबर गणनशक्तीही घटली होती, आणि नावावरून ते कळण्यासारखे नव्हते. म्हणून ग्राहकाने प्रथम तपशिलाचा तक्ता वाचावा, मग आपला मॉनिटर व आपले खेळ विचारात घ्यावेत, आणि त्यानंतरच किमतीकडे वळावे.