लकडगंजचा लाकूडबाजार आणि दुकानदारांचे व्हॉट्सॲप

लकडगंजच्या वखारीवर हल्ली गिऱ्हाईक येण्याआधी त्याचा निरोप मोबाईलवर येतो. 'सागाची चौकट, भाव काय?' त्याच पडद्यावर भाच्याच्या निकाहचे निमंत्रण, मोहल्ल्यातील जनाज्याची खबर आणि आरा गिरणीचे बिल. घरगुती बोलण्यासाठी बनविलेले व्हॉट्सॲप आम्ही धंद्यात ओढले, त्याचा हा परिणाम. कंपनीने हे ओळखून जानेवारी २०१८ मध्ये दुकानदारांसाठी त्याची नवी रचना केली. 'व्हॉट्सॲप बिझनेस' हे ते ॲप विनामूल्य आहे. आमचे काही बांधव मात्र ते घेऊनही जुन्यासारखेच वापरतात.

फरक काय, तो पाहू. दुकानाचा पत्ता व वेळ नावाबरोबरच दिसते. नेहमीच्या प्रश्नांची उत्तरे एकदा लिहून ठेवता येतात. शुक्रवारी जुमासाठी निघताना 'दुकान अमुक वाजता उघडेल' हा निरोप आपोआप जाण्याची सोय आहे. प्रत्येक गिऱ्हाइकाच्या नावावर 'नवी ऑर्डर', 'पैसे बाकी' अशी चिठ्ठी लावता येते. एवढी एक चिठ्ठी नीट सांभाळली तरी अर्धी वसुली सोपी होते, असे आम्हांस वाटते.

नोव्हेंबर २०१९ मध्ये आलेला कॅटलॉग, म्हणजे मालाची सचित्र यादी, हा भाग लाकूडवाल्यांनी जपून वापरावा. फर्निचरचे कारागीर त्यात पलंग, कपाट, दरवाजा यांचे फोटो, मापे आणि किंमत टाकू शकतात. कच्च्या लाकडाचे तसे नाही. गोल लाकूड चौथाई घेराने मोजण्याची जुनी रीत आहे. चार फूट घेराचा, दहा फूट लांबीचा ओंडका त्या रीतीने १० घनफूट भरतो. भूमितीच्या हिशेबाने तोच सुमारे पावणेतेरा. यादीत नुसते 'दर घनफुटाला' लिहिले आणि बाहेरगावच्या घेणाऱ्याने दुसरे माप धरले, की भांडण ठरलेले. चिरलेल्या मालात हा घोळ नाही: चार इंच बाय तीन इंचाची बारा फुटी बल्ली म्हणजे बरोबर एक घनफूट. तेव्हा मोजण्याची रीत दराशेजारीच लिहावी.

फोटो चांगल्या बाजूचा काढला जातो, हे कोण नाकारील? हुजूर सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांनी बाजारात धान्याच्या ढिगात हात घालून आतली ओल उघडी केली, तो प्रसंग आपल्यापैकी प्रत्येकाला ठाऊक आहे. गाठ, भेग, पांढरे लाकूड असेल तर त्याचाही एक फोटो यादीत जावा. माल बघून परत फिरणाऱ्या गिऱ्हाइकाचे भाडे व आपला वेळ, दोन्ही वाचतात.

उधारीचे म्हणाल, तर ठराविक मुदतीचा व्यवहार लिहून ठेवण्याचा हुकूम सूरह बकराच्या २८२ व्या आयतीतच आहे. फोनवर ठरलेला सौदा त्याच दिवशी निरोपात लिहावा: माल, माप, दर, मुदत, आणि समोरच्याकडून 'कबूल' असे उत्तर घ्यावे. निरोप आपोआप पुसण्याची सोय २०२० पासून आहे. ती अशा गिऱ्हाइकापुरती बंद असल्याची खात्री करावी. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे असे निरोप न्यायालयात पुराव्यात येऊ शकतात, पण सोबत ठरलेल्या नमुन्यातील प्रमाणपत्र लागते. पडद्याचा नुसता फोटो पुरेल या भरवशावर राहू नये, आणि मूळ फोन विकू नये.

एकच नंबर जुन्या व नव्या ॲपवर एकाच वेळी चालत नाही. त्यासाठी नवे सिम घेण्याचीही गरज नाही. दुकानाचा जुना लँडलाईन नंबर चालू असेल, तर नोंदणीच्या वेळी 'कॉल करा' निवडावे. त्या फोनवर सांकेतिक आकडे ऐकू येतात. मुनीमजींसाठी तोच खाते-नंबर दुसऱ्या फोनवर किंवा संगणकावर जोडता येतो.