गर्भाशयमुखाचा कर्करोग आणि शरीराचे पहारेकरी

अंगावरून पांढरे जाणे, अवेळी रक्तस्राव होणे अशा तक्रारी अंगावर काढण्याची रीत जालना जिल्ह्यातील ग्रामीण भगिनींमध्ये आजही आढळते. दुखणे असह्य झाल्यावर छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयाची वाट धरली जाते. तोवर पुष्कळदा उशीर झालेला असतो. वास्तविक गर्भाशयमुखाचा कर्करोग एकाएकी उद्भवत नाही. त्याची पूर्वतयारी बहुधा दहा-पंधरा वर्षे चाललेली असते, आणि या काळात शरीराच्या संरक्षक पेशी व एक विषाणू यांचा झगडा सुरू असतो.

या विषाणूस ह्यूमन पॅपिलोमा विषाणू म्हणतात. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी १९८३ व १९८४ साली त्याचे १६ व १८ क्रमांकाचे प्रकार या कर्करोगात शोधून काढले. सुमारे ७० टक्के रुग्णांत हेच दोन प्रकार कारणीभूत असतात. शरीरसंबंधातून होणारा हा संसर्ग इतका सर्वसामान्य आहे की, त्यावरून कोणाच्या चारित्र्याविषयी तर्क करणे सर्वस्वी अशास्त्रीय होय.

संसर्ग झालेल्या दहापैकी सुमारे नऊ स्त्रियांचे शरीर दोनएक वर्षांत विषाणूस आवर घालते. गर्भाशयमुखाच्या अस्तरातील लँगरहान्स पेशी विषाणूचे अंश टिपून जवळच्या लसिका ग्रंथीत नेतात व तेथील टी पेशींना त्याची ओळख पटवितात. मग टी पेशी परतून बाधित पेशींचा नाश करतात. विषाणू मात्र धूर्त आहे. तो रक्तात शिरत नाही, दाह उत्पन्न करीत नाही. लँगरहान्स पेशींना बोलावणारे संकेतही तो क्षीण करतो. पहारेकऱ्यास चाहूलच लागली नाही, तर चोर घरात मुक्काम करतो. अशा दीर्घ मुक्कामात विषाणूची दोन प्रथिने पेशींच्या वाढीवरील लगाम निकामी करतात. पुढे गाठ वाढू लागली की काही संरक्षक पेशीच फितूर होतात: नियामक टी पेशी हल्ला थोपवितात, तर भक्षक पेशी गाठीस नव्या रक्तवाहिन्या मिळवून देतात. एचआयव्हीबाधित स्त्रियांत हा कर्करोग सुमारे सहापट आढळतो, तो पहारा दुर्बल झाल्यामुळेच.

हा मुक्काम वेळीच ओळखल्याने काय साधते, हे मराठवाड्यातच सिद्ध झाले आहे. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात टाटा स्मारक केंद्र व बार्शीचे नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालय यांच्या सहभागाने १९९९ पासून ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. विषाणूची एकदाच चाचणी केलेल्या ३४,१२६ स्त्रियांच्या गटात या रोगाने ३४ मृत्यू झाले. नेहमीच्याच आरोग्यसेवेवर अवलंबून राहिलेल्या ३१,४८८ स्त्रियांच्या गटात ६४.

लस पहारेकऱ्यांना आगाऊ सावध करते. म्हणून ती किशोरवयात, संसर्गापूर्वी द्यावयाची असते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या स्वदेशी लसीस २०२२ मध्ये मान्यता मिळाली. मुरलेला संसर्ग मात्र लसीने जात नाही, यास्तव तिशी ओलांडलेल्या भगिनींना तपासणीच करून घेतली पाहिजे. कर्करोगपूर्व दोष आढळल्यास तो भाग गोठवून वा उष्णतेने नष्ट करता येतो. रुग्णालयात राहावे लागत नाही. अडचण येते ती अन्यत्र. दोष आढळलेल्या स्त्रीस तालुक्याबाहेर जाण्यासाठी भाडे व सोबत न मिळाल्यास तपासणी वाया जाते, आणि एवढी सोय तर ग्रामपंचायतीस सहज करता येण्यासारखी आहे.