भाला पेलणारी पेरेतुर

राजा आर्थरच्या कथांमधला पर्सिव्हल म्हणजे आईने रानात लपवून वाढवलेला मुलगा. बाराव्या शतकाच्या उत्तरार्धात क्रेतियाँ द त्र्वा या फ्रेंच कवीने त्याची कथा लिहायला घेतली. ती अपुरीच राहिली.

निकोला ग्रिफिथ यांच्या ‘स्पिअर’ (२०२२) या छोटेखानी कादंबरीत हा पर्सिव्हल मुलगी आहे. नाव पेरेतुर. गुहेत आईजवळ वाढलेली ही मुलगी पुरुषी वेशात आर्थरच्या दरबारी पोहोचते आणि निमुए या जादूगारणीच्या प्रेमात पडते. दोघींचं हे प्रेम कथेत अगदी सहज येतं. खरं तर ग्रिफिथ यांच्याकडे ‘सोर्ड स्टोन टेबल’ (२०२१) या संग्रहासाठी एक कथा मागितली होती. ती वाढत गेली आणि तिचं स्वतंत्र पुस्तक झालं.

हे सगळं आजचं फॅड आहे?

मग ‘रोमान द सिलान्स’ पाहा. तेराव्या शतकातलं हे फ्रेंच काव्य. राजाने मुलींचा वारसाहक्क काढून घेतल्यामुळे आईवडील लेकीला मुलगा म्हणून वाढवतात. ती नावाजलेली योद्धा होते. निसर्ग आणि संस्कार ही चक्क दोन पात्रं होऊन तिच्यावरून हुज्जत घालतात. शेवटी मात्र तिला बाईचा वेश चढवून त्याच राजाशी तिचं लग्न लावलं जातं! अ‍ॅलेक्स मायर्स यांनी २०२० मध्ये ‘द स्टोरी ऑफ सायलेन्स’मधून ही कथा नव्याने सांगितली.

या काव्याचं एकमेव हस्तलिखित १९११ मध्ये नॉटिंगहॅमच्या वोलटन हॉलमध्ये सापडलं. पेटीवर लिहिलं होतं, ‘जुने कागद, किंमत शून्य’.

नव्या वाचकांनी ‘स्पिअर’पासून सुरुवात करावी.